चाचणी

मिक्सर दुरुस्त झाला की रिकामा फिरवून परत द्यायचा नसतो.
रिकाम्यात कुणाचाही आवाज गोड निघतो.
भांड्यात काहीतरी टणक पडलं पाहिजे,
मग कळतं पातं कुठं अडतंय,
मोटार कण्हतेय का.
आधी मी शेंगदाणे टाकायचो. मग खडीसाखर.
मग पूर्णा जंक्शनचे गार्ड वरदराजन आले,
कार्बन बदलून घेतले,
आणि पैशासोबत काउंटरवर मूठभर बिया ठेवल्या.
"ह्या टाकून बघा. पण थांबत थांबत.
तापली की कडू होते."

भाजलेल्या चिंचोक्यासारखा रंग,
पोटावर एक चीर, नखानं ओढल्यासारखी.
तोवर आमच्याकडं कॉफी म्हणजे
जायफळ घातलेलं गोड दूध,
तेही पाहुणे मुलगी बघायला आले तर.

वरदराजन निवृत्त होऊन मदुरैला गेले.
जाताना दोन मजली पितळी फिल्टर देऊन गेले
आणि सिकंदराबादच्या एका दुकानाचा नंबर.
आता महिन्याला अर्धा किलो येते,
त्यांच्या जागेवरचा पोरगा आणून देतो, टिफिनच्या पिशवीत.
दुकानदार फोनवर दरवेळी विचारतो, दळून देऊ?
मी म्हणतो, अख्खी द्या.
दळायला माझ्याकडं सगळं गाव आहे.

सोनटक्के मास्तरांच्या भांड्यात लसूण.
कितीही घासा, पहिल्या घोटाला लसूण येतोच.
इसाकभाईंकडचं वेलदोड्याचं,
आणि खूप खाली, तळलेला कांदा.
केवळा कप तोंडाशी नेते आणि विचारते,
"आज कुणाचं घर पिऊ लालोत?"
मी नाव सांगत नाही. तिनं ओळखायचं असतं.
एकदा म्हणाली, "कारळं. ही बाई चटणीला तेल कमी घालती."
एकदा नुसतीच हसली, कप खाली ठेवला,
"खारीक हाय. ह्यांच्याकडं बाळंतीण हाय."
होती. बारशाचं बोलावणं आठवड्यानं आलं.

वीज मध्येच जाते तेव्हा
अर्धी कॉफी रवा असते, अर्धी खडे.
तीही पितो आम्ही. बोलत नाही त्याबद्दल.

मास्तर एकदा परत आले होते.
"मिक्सर झकास चाललाय.
पण चटणीला हॉटेलचा वास का येतोय?"
मी पावतीपुस्तकात खूप वेळ काहीतरी शोधत राहिलो.

परवा ताडकळसहून एक बाई आली.
भांड्यावर कोरलेलं:
चि. सौ. कां. प्रणिता हीस मामाकडून. खाली साल.
बारा वर्षं होऊन गेली त्या सालाला.
"चालू होत नाही का?"
"लावलाच नाही कधी. चालतो का, तेवढं बघा."
वायरीवर कंपनीची कागदी पट्टी तशीच.
उघडून पाहिला, ग्रीससुद्धा कारखान्यातलं.
दुरुस्त करायला काही नव्हतंच.
पण चाचणी ती चाचणी.

नव्या पात्याचा आवाज मी विसरलो होतो.
थांबत थांबत फिरवला.
रव्याहून बारीक, पिठाहून जाड,
हवी तशी उतरली.
फिल्टर संध्याकाळभर ठिबकत होता.

केवळानं घोट घेतला. थांबली.
दुसरा घेतला, डोळे मिटून.
"कुणाचं?" मीच विचारलं या वेळी.
ती कपात बघत म्हणाली,
"ह्यात तर कुणीच न्हाई की."

शनिवारी ती बाई आली.
झाकण काढून भांडं नाकाशी धरलं.
मी घाईघाईनं सांगितलं,
लिंबाची साल आणि मीठ फिरवा, वास जाईल.
"असू द्या," म्हणाली.
मजुरी विचारली. मी म्हणालो, बिघडलंच काय होतं?
तरी पन्नासची नोट काचेखाली सरकवली,
मोटार पिशवीत घातली,
आणि भांडं तसंच हातात धरून ऑटोत बसली.
झाकण मांडीवर, वेगळं.